उत्तरेची रेघ

१

बाई शेडमध्ये आल्या की आधी खिडक्या उघडायच्या, मग पंखा लावायच्या आणि मग हात जोडायच्या. हात जोडायच्या ते लांबलचक टेबलावर ओळीने मांडलेल्या दगडांना.

"दगडाला नमस्कार करणारी माणसं पुष्कळ पाहिली," गोदाम सांभाळणारे दादा एकदा म्हणाले होते, "पण नमस्कार करून मग त्याच दगडावर हातोडी घालणाऱ्या तुम्ही एकट्याच."

"म्हणून तर आधी करते. नंतर कुठल्या तोंडाने करू?"

काम बाईंच्या आवडीचं होतं. तेलाची विहीर खणताना जमिनीच्या पोटातून दगडाची सलग कांडी कापून वर काढतात, दंडाएवढी जाड. तिचे तुकडे पेट्यांमध्ये ओळीने निजवून ठेवतात. त्या तुकड्यांवर पाणी फवारायचं, भिंग लावायचं आणि हा दगड होण्याआधी इथे काय काय घडलं ते वाचायचं. इथे एक नदी होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी ती या जागेवरून नागमोडी वळणं घेत जायची. वळणावर नदी एका काठाला देते आणि दुसऱ्या काठाचं नेते. ज्या काठाला देते तिथे दर पुराला वाळूचा एक तिरका थर टेकवून जाते, पूर ओसरला की त्यावर चिखलाचा पातळ पापुद्रा बसतो, की पुढचा पूर. ताटाळ्यात कलती ठेवलेली ताटं असावीत तसे थर, आणि मधे मधे पापुद्रे. तेल राहतं वाळूत आणि अडतं पापुद्र्यांपाशी. थर ज्या बाजूला उतरत गेले ती बाजू नदीची. ज्या बाजूला चढत गेले तिकडे वाळूचा साठा.

पण उतरले कुठल्या बाजूला, हे पेटीत पडलेल्या दगडाला विचारून कसं कळणार? म्हणून कांडी वर आल्या आल्या, ती खाली असताना तिचं जे अंग उत्तरेला होतं त्या अंगावर वरपासून खालपर्यंत तांबडी रेघ ओढतात. पेटीत ठेवताना रेघ वर. कुणीही यावं, रेघ बघावी, दिशा समजून घ्यावी. हा इथला पहिला धडा.

आता दिवस काही बरे नव्हते. विहिरी एकेक करून आटत चालल्या होत्या. वरून निरोप आला होता की आणखी एकच विहीर खणून बघा. लागलं तर ठीक, नाही तर गाशा गुंडाळा. गाशा गुंडाळायचा म्हणजे शेड, पंप, कामगारांची वसाहत, सगळंच. ती विहीर कुठे खणायची हे बाईंनी सांगायचं होतं. बाईंनी मनाशी नेम धरला, निकाल लागेपर्यंत चहात साखर नाही.

त्या सकाळी मधल्या विहिरीच्या जुन्या पेट्या उघडल्या. याच कांडीच्या भरवशावर मागे पश्चिमेला दोन विहिरी खणल्या होत्या आणि दोन्हींत नुसता चिखलाचा दगड निघाला होता. बाईंनी पेट्यांवरून नजर फिरवली. तांबडी रेघ एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नीट चालली होती आणि एके ठिकाणी नव्हती. तिथला तुकडा रेघ पोटाखाली घेऊन निजला होता.

बाईंनी तो सरळ केला आणि पुढे गेल्या.

२

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच.

"दादा, ह्या पेटीला कुणी हात लावला?"

"कोण लावणार? इथे तुम्ही, मी आणि पाली. पाली दगड उचलत नाहीत."

"मग तुम्ही झाडताना धक्का लागला असेल."

"बाई, मी जमीन झाडतो. टेबल झाडायला तुम्ही कधी देता?"

तेही खरंच होतं. बाईंनी तुकडा परत सरळ केला आणि विचार केला. दगड गोल, पेटीच्या खाचेचं लाकूड जुनं. बाहेरून मोठ्या गाड्या जातात, जमीन हादरते. हादरून हादरून गोल वस्तू आपल्या जड अंगावर येते; यात नवल ते काय? त्यांनी पेटीखाली पट्टी सरकवून पाहिली. पेटी समतल होती. मग त्यांनी पिशवीतलं पिवळं पुसायचं फडकं काढलं, त्याची गुंडाळी केली आणि तुकड्याच्या दोन्ही बगलांना ठासून बसवली. आता भूकंप झाला तरच हलेल, असं म्हणून त्या घरी गेल्या.

सकाळी तुकड्याची रेघ खाली होती. फडकं पेटीशेजारी ठेवलेलं होतं. घडी घालून. चारी कोपरे जुळवलेली, इस्त्रीवाल्याने द्यावी तशी घडी.

गाड्यांनी जमीन हादरते, मान्य. फडक्याची घडी?

"दादा," त्या म्हणाल्या, "थट्टा असेल तर छान आहे. आता पुरे करा."

दादा आले आणि त्यांनी पाहिलं. मग फडकं दोन बोटांनी उचललं. "ओलं आहे," ते म्हणाले.

ओलंच होतं. बाईंनी वास घेतला. ना डिझेलचा वास, ना बाटलीतल्या पाण्याचा. पाण्यात बुडून वर आलेल्या गवताचा.

"शेडच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत?"

"एकच आहे," दादा म्हणाले आणि कमरेची किल्ली त्यांनी हाताने चाचपून पाहिली.

३

घरी सासूबाई मागच्या दारात बसून भेंडीच्या रोपांशी बोलत होत्या. मुलाच्या नोकरीपायी त्यांनी आयुष्यभर घरं बदलली. प्रत्येक घरी काही तरी लावायचं आणि ते फळायच्या आधी उठायचं. या घरात पहिल्यांदा त्यांनी स्वतः लावलेलं स्वतः खाल्लं होतं. गुडघे गेले होते. पण मागच्या अंगणातल्या त्या वावभर जागेत त्या राज्य करत होत्या.

"काय गं, ठरली का जागा?"

"ठरतेय आई."

"ठरव बाई लवकर. तू ठरव नाही तर नको ठरवू, मी काही आता इथून उठत नाही. घर नेलं तरी मी इथेच, या भेंडीपाशी."

"आई, तेल लागलं नाही तर पाणीसुद्धा तोडतील इथलं," बाईंचे यजमान आतून म्हणाले. ते पंपावर होते आणि पंपावरच्या माणसाला मोठ्याने बोलायची सवय लागते.

"तुझं तोंड पंपावर ठेवून येत जा."

ते हसले. बाईही हसल्या. बिनसाखरेचा चहा घेत उंबऱ्यावर बसल्या. संध्याकाळचं ऊन वसाहतीच्या शेवटच्या ओळीवर पडलं होतं, त्या ओळीतलं शेवटचं घर त्यांचं. कुणाकडे तरी कुकरची शिट्टी झाली. या इतक्या साध्या सुखाला तडा जाऊ नये, एवढंच त्या मागत होत्या आणि ज्याच्याकडे मागायचं त्याच्यावर त्यांचा विश्वास होता.

"अहो, एक विचारू? बंद खोलीतली वस्तू जागची हलते का हो?"

"कशी हलते यावर आहे. पडते?"

"नाही. वळते."

यजमानांनी जरा विचार केला. "वळते म्हणजे तिला दिशा आहे. पडणं आपोआप होतं. वळणं बहुधा आपोआप होत नाही." मग बायकोचा चेहरा पाहून म्हणाले, "उंदीर असेल गं."

४

दादा दुपारी जेवायला गेले की शेडमध्ये बाई एकट्याच असायच्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. खुर्ची पेटीसमोर ओढली, तुकड्याची रेघ वर केली आणि बसल्या. बाहेर रणरणतं ऊन होतं. भुताखेताला वावच नव्हता. हे त्यांनी स्वतःला सांगितलं आणि सांगावं लागलं याचं त्यांना हसू आलं.

थोड्या वेळाने वीज गेली. पंखा गरगर करत मंद झाला आणि थांबला. पंख्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज इतका वेळ दबून होता, तो वर आला.

पाण्याचा आवाज. नळाचा नाही, शेडमध्ये नळ नव्हताच. नळाचं पाणी घाईत असतं. हे पाणी रुंद होतं, खोल होतं, त्याला वेळच वेळ होता. कुठेतरी ते काठाला घासून वळत होतं, आणि वळताना थोडं गुरगुरत होतं.

नळी फुटली असेल, बाईंनी मनाशी म्हटलं. बाहेर टँकर आला असेल.

मग त्यांची नजर वर गेली. पत्र्याच्या आतल्या बाजूला उजेड हलत होता. उन्हात पाणी असलं की त्याचं प्रतिबिंब जसं छताला नाचतं तसा, लाटालाटांचा, सोनेरी. बाईंनी खाली पाहिलं. कुठे बादली नाही, परात नाही, पाण्याचा थेंब नाही. कोरडी जमीन आणि तिच्यावर दादांच्या झाडूचे फराटे. छतावर मात्र भरली नदी. भीती वाटायच्या आधी बाईंना ते सुंदर वाटलं, हे त्यांना पुढे आठवत राहिलं.

त्या हलत्या उजेडातून एक सावली गेली. पाण्यातून चालताना माणूस जसा पाय चाचपत जातो तशी, सावकाश, पूर्वेकडून पश्चिमेकडे. सावली होती छतावर. खाली जमिनीवर चालणारं कुणी नव्हतं.

आणि मग दगड घासल्याचा आवाज आला.

तो तुकडा वळत होता. निजलेल्या माणसाने झोपेतच कूस बदलावी इतक्या सहज. रेघ बाजूला गेली, खाली गेली, दिसेनाशी झाली. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा. पेटीमागून पेटी तुकडे वळत गेले, एक झाला की दुसरा, कुणी ओळीने चालत एकेकाच्या पाठीवर हात ठेवत असावं तसे. त्या पहिल्या तुकड्याच्या अलीकडचे दगड मात्र हलले नाहीत. त्यांची रेघ वरच होती.

शेवटचा तुकडा बाईंच्या अगदी हाताशी होता. तो अर्धा वळला आणि थांबला. रेघ धड वर नाही, धड खाली नाही. गोल दगड असा तिरका उभा राहू शकत नाही, हे बाईंना माहीत होतं. कुणी तरी तो धरला होता. धरून कुणी तरी बाईंकडे बघत होतं, शाळेत गणित सोडवून दाखवल्यावर मास्तर मुलाकडे बघतात तसं.

बाई म्हणाल्या, "कळलं मला."

तेव्हा तो तुकडा हळूच खाली टेकला. पंखा सुरू झाला. छतावर नुसता पत्रा राहिला.

५

कळलं म्हणजे काय कळलं, हे बाईंनी त्यानंतर शोधलं. पहिला वळलेला तुकडा आणि त्याच्या अलीकडचा न वळलेला, हे दोन्ही त्यांनी उचलले आणि त्यांची तोंडं उन्हाला धरली. कांडी मोडते तेव्हा तुटलेली तोंडं खडबडीत असतात, फुटक्या बशीसारखी एकमेकांत बसतात. तशी बसवूनच रेघ पुढे न्यायची असते. ही तोंडं गुळगुळीत होती. त्यांवर गोल गोल ओरखडे होते, जात्याच्या तळीसारखे. म्हणजे कांडी खालीच मोडली होती आणि वर येईपर्यंत खालचा भाग कापणाऱ्या नळकांड्यात गिरक्या घेत राहिला होता. तो कुठे तोंड करून थांबला हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. नियम असा की अशा जागी रेघ तोडायची. कुणीतरी घाईत, किंवा रेघ तुटलेली बरी दिसत नाही म्हणून, तशीच सरळ ओढून टाकली होती. त्याखालचा सगळा दगड अर्ध्या फेरीने चुकला होता. त्यात वाचलेली नदी चुकली होती.

साहेबांच्या खोलीत बाईंनी दोन्ही तुकडे त्यांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी आधी टेबलावरचे कागद उचलले, मग भिंग.

"म्हणजे आमच्या आधीच्या साहेबांनी नदी उलटी वाहवली म्हणता?"

"नदी होती तिथेच होती, साहेब. आपण तिच्याकडे पाठ करून उभे होतो. म्हणून पश्चिमेला दोनदा चिखल लागला. ते नदीचं पात्र होतं. ती वळण सोडून गेली आणि मागे ते गाळाने भरलं. वाळू इकडे आहे, पूर्वेला."

"अर्धीच फेरी कशावरून? पाव का नाही?"

हा प्रश्न येणार हे बाईंना ठाऊक होतं. "कांडी मोडली तिथून वरचे थर थोडे आहेत, पण ते पश्चिमेला उतरतात. खालचा दगड अर्धा फिरवला तर दोन्ही जुळतात. आणि दोन विहिरींतला चिखलही जुळतो."

"इतकी वर्षं ही तोंडं कुणी पाहिली नाहीत?"

"रेघ सलग दिसली की तोंड कोण बघतं?"

साहेब खुर्चीत मागे रेलले. "आणि नाही लागलं तर?"

"तर माझ्या सासूबाईंना उचलायला चार दणकट माणसं द्या. त्या उठणार नाहीत म्हणतात."

साहेब हसले आणि त्यांनी मान डोलावली.

बाईंनी जागेवर बसून वळणाचा नवा नकाशा काढला. कसं कळलं ते कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. पण एक गोष्ट मनात टोचत राहिली. वाट दाखवणारं कुणी असेल, तर ते आपल्यावर माया म्हणून दाखवतंय की त्याचं स्वतःचं काही काम आहे म्हणून? सावली पाण्यातून निघाली होती ती पश्चिमेला. वाळूकडे नव्हे, पलीकडच्या काठाकडे.

पेन्सिलीने त्यांनी पूर्वेला वाळू रंगवली. मधे पात्र. पश्चिमेला, पात्राच्या पलीकडे, तो दुसरा काठ, ज्याचं नदी नेते. जुन्या नकाशात वसाहत आतल्या काठावर होती, नदी जिथे आणून देते तिथे. नव्या नकाशात काठाची रेघ वसाहतीच्या शेवटच्या ओळीच्या परसातून गेली.

बाईंनी ती रेघ दोनदा तपासली. मग स्वतःवरच हसल्या. नदी मरून कोट्यवधी वर्षं झाली. ती आहे कुठे, तर पाऊण कोस जमिनीखाली. माणूस थडग्यावर घर बांधतो तेव्हा थडग्यातला काही भाडं मागायला येत नाही.

खोडरबर हाताशी होतं. रेघ जरा इकडे-तिकडे केली असती तर कुणाला कळलं नसतं. त्यांनी ती होती तिथेच ठेवली. खोटी रेघ ओढल्याने काय होतं हे त्यांनी नुकतंच पाहिलं होतं.

६

तेल लागलं, आणि भरपूर लागलं. यजमान पंपावरून पळत आले आणि दारात उभे राहून नेहमीपेक्षाही मोठ्याने बोलले, तेव्हा अख्ख्या ओळीला बातमी कळली. बाईंनी देवापुढे दिवा लावला आणि चहात साखर घातली, दोन चमचे. दादांनी शेडमधल्या पेट्यांपुढे उदबत्ती लावून ठेवली होती. वर म्हणाले, "मी दगडाला नमस्कार केला म्हणून सांगू नका कुणाला, चेष्टा करतील." त्या पेट्या आता शांत होत्या. बाईंनी चुकीची रेघ पुसून, मोडलेली जागा सोडून, पुढे नवी ओढली होती. ती रोज वरच असायची.

वसाहतीच्या भिंतींना रंग आला. शाळेला नवी बाकं आली. पुढची कित्येक वर्षं कुणाला उठायला लागणार नव्हतं. बाई सुखी होत्या. खोटं कशाला बोला, अगदी मनापासून सुखी होत्या. जे मागितलं ते पुरतं मिळालं, आणि मिळालेलं घर जिथे होतं तिथेच होतं.

परसातल्या कुंपणाचा कोपऱ्यातला खांब तेवढा कलला होता. यजमानांनी तो ठोकून सरळ केला. जमीन भुसभुशीत झाली असेल, म्हणाले, पाण्याची नळी कुठेतरी गळते. नळी खणून पाहिली, धड होती. भेंडीच्या वाफ्याच्या कडेने एक चीर पडली होती, केसाएवढी, सापाच्या वाटेसारखी वळणावळणाची. बाईंनी तिच्यात माती भरली. ऊन आहे, माती आकसते, चिरा पडतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि ते कारण चांगलं होतं. फक्त जी माती निघत होती ती ओली होती.

एका सुट्टीच्या दुपारी घर निजलं होतं. यजमान वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवे झाले होते. सासूबाई मागच्या खोलीत, परसाच्या भिंतीला लागून टाकलेल्या खाटेवर पडल्या होत्या. बाई चहा घेऊन आत गेल्या, तेव्हा भिंतीपलीकडून तो आवाज आला. मातीचं एक ढेकूळ सुटल्याचा, आणि मग, जराशाने, खूप खाली, पाण्यात पडल्याचा.

मग दुसरं.

बाई कप हातात धरून उभ्या राहिल्या. डोळे मिटूनच सासूबाईंनी विचारलं, "मागे कुणी खणतंय का गं? केव्हाचं चाललंय."

बाईंना हजार कारणं सुचली. त्यांतलं एकही त्यांना त्या म्हातारीला सांगवेना.

"नाही हो आई," त्या म्हणाल्या. "नदी आहे."

सासूबाई जराशा हसल्या. चेहऱ्यावर झोपेचं, मनासारखं झाल्याचं सुख होतं.

"असू दे मग," त्या म्हणाल्या. "मला लहानपणापासून नदीकाठीच घर हवं होतं."

बाईंनी कप फळीवर ठेवला, खाटेला दोन्ही हात घातले आणि ती भिंतीपासून जमेल तितकी अलीकडे ओढली.